ग्रेडरकाकांनी नापास केलेली पॉवर बँक

आमच्या सिंदी रेल्वे गावात माणूस वारला, तर ग्रेडरकाकांनी नंबर लावल्याशिवाय त्याला वर आत घेत नाहीत, असं मी बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना सांगतो. निम्मे हसतात. उरलेले निम्मे काकांना ओळखत असतात, ते हसत नाहीत.

काकांचं खरं नाव नामदेवराव. उभी नोकरी त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आतला मूठभर कापूस बाहेर काढायचा, कारण वरचा कापूस नेहमीच चांगला असतो. मग दोन्ही हातांच्या चिमटीत तंतू ओढून त्याची लांबी पाहायची, सरकी दाताखाली धरून ती वाळल्यासारखी 'कट्' वाजते का ते ऐकायचं, आणि निकाल द्यायचा: एक नंबर, दोन नंबर, नाहीतर परत ने. आयुष्यभर त्यांनी इतक्या सरक्या फोडल्या की त्यांच्या पुढच्या दोन दातांना कात्रीसारखी धार आली होती. त्या दातांनी वायर सोलताना मी त्यांना पाहिलं आहे. म्हणजे पाहिलं नाही, पण सोलली असती.

निवृत्त झाल्यावर दुसरा कोणी पारावर बसला असता. काकांची बोटं बसू देईनात. मग जे हाताला लागेल त्याला नंबर लागू लागला. हॉटेलातला चहा दोन नंबर, "पानी मारलेला". नवीन मास्तर एक नंबर, "पन आवाजात कचरा हाय". शेजारच्या पोरीच्या लग्नात त्यांनी आशीर्वाद द्यायच्या निमित्तानं नवरदेवाचा दंड चिमटीत धरला आणि भर मांडवात जाहीर केलं, "तंतू आखूड हाय, पन मजबूत हाय. चालते." ती पोरगी आज सुखात आहे. नवरदेव मात्र सासुरवाडीला आला की काकांच्या घरावरून न जाता नाल्यातून वळसा घालून येतो.

माझं मोबाइलचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर आहे. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी एका फिरत्या एजंटाकडून पॉवर बँकांचा एक खोका घेतला होता. दिसायला काय देखण्या! चकचकीत काळ्या, पुढे निळा दिवा, आणि अंगावर हाताच्या बोटाएवढ्या अक्षरात लिहिलेलं: तीस हजार एमएएच. काका वर्तमानपत्र वाचायला रोज येत तसे आले, आणि पेपराऐवजी त्यांचा हात पॉवर बँकेवर पडला.

"काय गा पमू, हे काय नवीन?"

"पॉवर बँक, काका. मोबाइल चार्ज कराले. एकदा भरली का सिंदीहून हिमालयात जा, तपश्चर्या करा, देव प्रसन्न करा, वापस या. संपत नाई."

"मार्का कुठी हाय?"

"हे काय, एवढं मोठं नाव हाय ना कंपनीचं."

"नाव नाई गा. मार्का. कापसाच्या गाठीवर जिनिंगचा मार्का रायते, नंबर रायते. ते गाठ कुठल्याबी गिरणीत फुटो, नंबर पायला का समजते कोनाच्या घरची हाय. ज्याच्यावर नंबर नाई त्याले बाप नाई."

मी विजयी मुद्रेनं पॉवर बँक उलटी केली. मागं सरकारी मानकाचं चिन्ह होतं आणि त्याखाली आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणीचा लांबलचक क्रमांक. आहे ना मार्का? काकांनी चष्मा कपाळावर नेला, क्रमांक डोळ्यांना टेकेल इतका जवळ घेतला आणि म्हणाले, "हा खरा हाय का कोनाच्या गाठीवरून उतरवला हाय?"

आता हा क्रमांक तपासायचं सरकारचं ॲप आहे, फुकट आहे, हे मला दुकानदार म्हणून ठाऊक होतं. पण आपण रोज दूध घेतो म्हणून म्हशीला ओळखपत्र विचारतो का? काका हलेनात, म्हणून ॲप उतरवलं आणि क्रमांक टाकला. नोंद निघाली. दुसऱ्याच कंपनीची होती, आणि तीसुद्धा पॉवर बँकेची नव्हे, कसल्याशा चार्जरची.

काकांनी "हूं" केलं. काकांचं ते "हूं" ऐकून एके काळी बंडीचे बैलसुद्धा मान खाली घालत.

"बरं. याचा उतारा किती?"

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढली की सगळ्याची रुई होत नाही, बरीचशी सरकीच निघते. वजनाच्या मानानं हाती येते त्या रुईला आमच्याकडे उतारा म्हणतात. पॉवर बँकेला उतारा असतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी कपाटातून एक चांगल्या कंपनीची पॉवर बँक काढली. ती विकली जात नव्हती, कारण तिच्यावर आकडा लहान आणि वजन जास्त. तिच्या मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात खरोखरच दुसरा आकडा छापलेला होता: पुढे लिहिलेल्यातलं प्रत्यक्षात मोबाइलच्या पदरात किती पडेल, तो. निम्म्याच्या थोडा वर. काका खूश झाले.

"हा मानूस इमानदार हाय. घट लिहून ठेवली त्यानं. अन् तुह्या तीस हजारवाल्याची घट कुठी हाय?"

नव्हती. कुठेच नव्हती.

"म्हंजे क्विंटलभर कापसाची क्विंटलभर रुई! पमू, हा कापूस नाई, चमत्कार हाय. चमत्कार आपुन खरेदी करत नाई."

मग त्यांनी शेजारच्या किराणा दुकानातला तराजू मागवला. तीस हजारवाली एका पारड्यात, दहा हजारवाली दुसऱ्यात. दहा हजारवाली खाली गेली. काकांनी तीस हजारवाली कानाशी धरून हलवली, त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि तोवर दुकानासमोर जमलेल्या दहा-पंधरा लोकांसमक्ष (मी सांगतो तेव्हा दीडशे असतात) त्यांनी तिचा कोपरा दाताखाली धरला. प्लॅस्टिक 'पच्' वाजलं.

"ओला माल," काकांनी निकाल दिला. "खोल."

तुम्ही असलं काही घरी उघडू नका. मीही उघडायला नको होती. पण तेवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. पेचकसानं कड उचलली तर आत दोन लहानशा जुनाट बॅटऱ्या, ना कसलं धड सर्किट, ना बॅटरी जास्त भरली तर करंट तोडणारी काही व्यवस्था, आणि उरलेल्या जागेत प्लॅस्टिकच्या पुडीत बांधलेली बारीक वाळू. कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे मी पाहिले होते. बॅटरीवर वाळू मारणारा माझ्याच दुकानातून निघाला.

गर्दी हसली. काका हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "अशा किती इकल्या?"

"सात."

"कोनाले?"

मी नावं सांगू लागलो, आणि तिसऱ्या नावाला काकांचा चेहरा पांढरा पडला. कारण ते दिवस होते वेचणी संपत आल्याचे. भाव चढेल म्हणून घरोघरी कापूस भरून ठेवलेला. कुठं ओसरीत, कुठं माजघरात, कुठं देवघरात. माझी सातही गिऱ्हाइकं कापसावर झोपणारी होती.

"काका, मी कोनाले जबरदस्ती नाई केली—" मी सुरुवात केली.

"म्या इचारलं का तुले? चाल, वापस आन सगळ्या. तोवर तुह्या दुकानचं पानी नाई पेनार मी."

चार दिवसांत सहा परत आल्या. बदल्यात मी चांगल्या दिल्या आणि तोंडं गोड केली. सातवी मात्र येईना. ती होती कुसुमबाईकडे, सिंदीपासून अर्ध्या तासावरच्या खेड्यात. तीन वेळा निरोप पाठवला, तिन्ही वेळा एकच उत्तर: "माह्यी चांगली चालून राह्यली, मले नाई बदलाची."

कुसुमबाई ही एकट्या हिमतीवर शेत करणारी बाई. नवरा गेल्यावर तिनं दिरांना बांधावरून अशी काही हाक मारली होती की ते अजून तिच्या धुऱ्याला पाय लावताना चप्पल काढतात, असं म्हणतात. मीच म्हणतो. मी काकांना म्हटलं, "जाऊ द्या, सातातल्या सहा आल्या ना!"

"ढिगातली येक ठिणगी रायली, तं बाकीच्या ठिणग्या इझवल्याचा हार घालतीन का तुले? स्कूटर काढ."

जाताना काका मागं बसले होते. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाले, "पमू, ते बाई माह्याशी बोलनार नाई. लय वर्साआधी म्या तिच्या कापसाले दोन नंबर लावला होता."

घर म्हणजे काय सांगू! समोरच्या खोलीत कापूस आढ्याला टेकायला आलेला. स्वयंपाकघरात जायला भिंतीकडेनं एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. आगीची बाईला इतकी धास्ती, की त्या खोलीतला विजेचा बोर्डच तिनं काढून टाकला होता आणि वायरींची टोकं पट्टीनं गुंडाळून ठेवली होती. देवाचा दिवा मागच्या अंगणात गेला होता. जावयाची बिडी फाटकाशीच जप्त होत असे. एवढा सगळा बंदोबस्त करून बाई स्वतः कापसाच्या गंजीच्या माथ्यावर रजई पांघरून बसली होती, हातात मोबाइल, आणि मोबाइलला जोडलेली माझी पॉवर बँक कापसात अर्धी रुतलेली.

"मावशी, ते खाली आना," मी म्हटलं.

"काऊन? तूच तं म्हनला होता, मावशी, जिथं वायरच नाई तिथं इस्तो कुठून येईन? म्हनून तं बोर्ड काढला म्या!"

हे वाक्य माझंच होतं. मी ते दुकानात सातही गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. त्या क्षणी वाटलं, पृथ्वी दुभंगावी, पण आधी ती पॉवर बँक बाहेर काढून मग दुभंगावी.

"अन् गरम कशी रायते!" बाई सांगतच होती. "थंडीचे दिवस. रजईत घेतलं का हातपाय शेकून निघते. पोटबी भरलं हाय पाय तिचं." तिनं ती उचलून दाखवली. पॉवर बँक मधोमध फुगली होती. टम्म. कड उसवून आतलं चंदेरी काहीतरी दिसत होतं.

माझे पाय फाटकाकडे वळले. काका मात्र दोन पावलं पुढे गेले.

"कुसुमबाई, ते मले द्या."

तेव्हा बाईनं त्यांना नीट पाहिलं. "कोन, ग्रेडरसाहेब? अरे बापा! तुमाले देऊ? माह्या बंडीभर कापसाले दोन नंबर लावला तुमी. सगळ्या रांगीसमोर. धुक्यात आली होती बंडी, धुक्यात! म्या पानी नोतं मारलं. तरी तुमी म्हनलं, ओला हाय."

"ओला होता."

"म्हना का एक नंबर होता. आत्ता म्हना. म्हंजे देतो."

मी काकांना कोपरानं ढोसलं. "म्हना ना काका! कोन पाहून राह्यलं? देवाले कापसातलं काय समजते!" मी असतो तर एक नंबर काय, त्या कापसाला पद्मश्री दिली असती. बाईच्या मांडीखाली अख्ख्या वर्षाची मेहनत होती, बाई स्वतः होती, आणि वर ती फुगलेली वस्तू. आणि हा म्हातारा विचार करत होता!

काका गंजीपाशी गेले, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर कापूस काढला. दाराच्या उजेडात नेला. चिमटीत तंतू ओढला, पुन्हा जुळवला, पुन्हा ओढला. सरकी दाताखाली धरली.

कट्.

"बाई," ते म्हणाले, "तो कापूस दोन नंबरच होता. धुकं असो का पानी, ओला तो ओला. उद्या देव आला तरी मी तेच सांगीन. पन हा..." त्यांनी मूठ उघडली. "हा एक नंबर हाय. असा तंतू म्या लय दिवसांत नाई पायला. म्हनून सांगून राह्यलो, असल्या मालावर ते नापास झालेलं ठेवू नोका. या कापसाची बेअब्रू हाय ते."

बाईनं काकांच्या तळहातावरच्या कापसाकडे पाहिलं. मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा सांगा."

"एक नंबर."

"मोठ्यानं सांगा. शेजारीन ऐकून राह्यली भिताडापलीकडून."

"एक नंबर!" काका ओरडले. भिंतीपलीकडे भांडं पडलं.

मग मात्र बाई लगबगीनं खाली उतरली. काकांनी मला पॉवर बँकेला हात लावू दिला नाही. बाईकडून लोखंडी बादली घेतली, बाजूला बांधकामाची कोरडी वाळू पडली होती ती तिच्यात भरून आणायला मला सांगितलं, आणि स्वतः मोबाइलची वायर सोडवून, फुटू नयेत म्हणून कोंबडीची अंडी जपून न्यावीत तशी ती पॉवर बँक दोन्ही हातांवर घेऊन अंगणात आले. वाळूत पुरली. बादली घरापासून, गोठ्यापासून, सगळ्यांपासून लांब, मोकळ्या शेतात नेऊन ठेवली. मग आम्ही तिघं दूर बाजेवर बसून बादलीकडे पाहू लागलो.

खरं सांगतो, मी धमाक्याची वाट पाहत होतो. इतकी मोठी गोष्ट माझ्या हाती आयुष्यात आली नव्हती. मनातल्या मनात मी ज्वाळेची उंचीही ठरवली होती: शेजारच्या चिंचेच्या शेंड्यापर्यंत. बाईनं चहा केला. काकांनी तो प्यायला आणि म्हणाले, "दीड नंबर." बाईनं ओळखून घेतलं की ही बढती आहे. ऊन कललं. बादली जशीच्या तशी. एक कावळा येऊन तिच्या काठावर बसला, आत डोकावला आणि कंटाळून उडून गेला.

"काका," मी म्हटलं, "काईच झालं नाई की वो."

काका इतके प्रसन्न मी कधी पाहिले नव्हते. "हेच तं पायजे गा! म्या अख्खी नोकरी हेच केलं. ओली बंडी वापस पाठवली, तं लोक शिव्या देत. अन् त्या वर्शी गोदामात कापूस तापला नाई, का पेटला नाई, हे कोनाच्या ध्यानात रायते? नाई रायत. काईच नाई झालं, हाच माह्या कामाचा पुरावा. तुह्यावानी गोष्टी सांगनाऱ्याले ते परवडत नाई, मले परवडते."

दुसऱ्या दिवशी बादली वाळूसकट वर्ध्याला ई-कचरा घेणाऱ्याकडे गेली. उरलेला खोका मी एजंटाच्या अंगावर घातला. तो पुन्हा सिंदीत फिरकला नाही. त्यानंतर काकांनी माझ्या दुकानाचं पाणी प्यायलं, आणि "पानी एक नंबर, पेला दोन" असं सांगून तो मला बदलायला लावला.

दोन वर्षांपूर्वी काका मुलीकडे नाशिकला राहायला गेले. जाताना स्टेशनवर निरोप द्यायला निम्मं गाव होतं (यात अतिशयोक्ती नाही, उरलेल्या निम्म्याला त्यांनी दोन नंबर दिला होता). फोनवर म्हणतात, तिथली द्राक्षं बरी आहेत, पण व्यापारी वरचा थर निवडून लावतात, त्यामुळे रोज सकाळी बाजारात खोक्यात कोपरापर्यंत हात घालावा लागतो.

परवा दुकानात एक जोडपं पॉवर बँक घ्यायला आलं. मी त्यांना ही गोष्ट सांगत होतो. माझ्या गोष्टीतली बादली आतापर्यंत फुटलेली असते, ज्वाळा चिंचेच्या वर गेलेली असते, आणि समुद्रपूरहून लोक उजेड कसला म्हणून पाहायला निघालेले असतात. मोबाइलला काच लावायला आलेली कुसुमबाई स्टुलावर बसून ऐकत होती. तिच्यानं राहवलं नाही.

"काऊन खोटं सांगून राह्यला, पमू?" मग त्या जोडप्याकडे वळून म्हणाली, "काईच नाई झालं, पोरी. साहेबांनी येळेवर बाहेर काढली, म्हनून काईच नाई झालं. माह्या कापसाची गाडी भरली, गेली, इकली. तू अंगावरचा नंबर फोनात टाकून पाय, घट लिहिली हाय का पाय, अन् मंगच घे. याच्या बोलन्यावर नोको जाऊ."

पोरीनं नवऱ्याकडे पाहिलं आणि बाईनं सांगितलं तसं एकेक करून पाहिलं. माझ्या चिंचेएवढ्या ज्वाळेनं गेल्या दोन वर्षांत एकही पॉवर बँक विकली गेलेली नाही. बाईच्या त्या "काईच नाई झालं"नं पाच मिनिटांत दोन गेल्या.